दिव्याचा इतिहास आणि कामाचे तास

आषाढातल्या अमावास्येस आपल्याकडे दिव्याची आवस म्हणतात. त्या दिवशी घरातले सारे दिवे चिंच लावून घासतात, पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात आणि कणकेचे गोड दिवे उकडून नैवेद्य दाखवितात. समई असते, निरांजन असते, एखाद्या जुन्या वाड्यात लामणदिवा निघतो. माळ्यावर पडलेला कंदीलही त्या दिवशी काच पुसून मानाने पाटावर बसतो. छताला लावलेला एल.ई.डी. बल्ब मात्र कोणी उतरवून पाटावर ठेवीत नाही. ज्यांनी घरातला अंधार थोडासा हटविला त्यांची पूजा, आणि ज्याने तो खरोखर घालविला त्याची नाही, ह्यात आम्ही काही गैर मानीत नाही. पूजा वडीलधाऱ्यांची करावयाची आणि कामास तरुण लावावयाचा, ही घराची रीतच आहे. परंतु ह्या तरुणाचे कुळशील काय, तो आधीच्यांहून कशाने सरस, आणि त्याच्या येण्याने काम करणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडले, हे एकदा नीट पाहावयास हवे. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो ‘एल.ई.डी. दिव्यांचे फायदे’ असा. फायदे आम्ही सांगणारच आहोत, कारण ते खरे आहेत. पण आम्ही तीस वर्षे कामगारांत काढली. फायदा म्हटला की तो कोणाचा, हा प्रश्न आमच्या तोंडून आपोआप निघतो.

जुन्या उजेडाविषयी हल्ली पुष्कळ हळवेपणाने बोलले जाते. ज्यांनी त्या उजेडात दिवस काढले ते तितके हळवे नाहीत. मराठवाड्यात करडईचे तेल दिव्यात जळे आणि तेच तेल फोडणीलाही लागे. म्हणजे वातीने प्यालेला प्रत्येक थेंब कोरड्यासातून कमी होई. साहजिकच दिवेलागण झाली की जेवणे आणि जेवणे झाली की निजणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून खनिज तेल येऊ लागले. त्याला आपण घासलेट म्हणालो, तो गॅसलाइट ह्या शब्दाचा अपभ्रंश. रॉकेल म्हणालो, तो रॉक ऑइलचा. तेलाबरोबर पत्र्याचा डबा आला, आणि डब्याच्या पत्र्यातून आमच्या गावोगावच्या कारागिरांनी चिमणी घडविली. गरिबाच्या घरातला हा दिवा शंभर वर्षे टिकला. आमचे अक्षरज्ञान त्याच्याच उजेडात झाले. पुस्तक चिमणीजवळ न्यावे तर ज्योतीची भीती, दूर न्यावे तर अक्षर दिसेना. आणि सकाळी नाक शिंकरले की काळे निघे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते विजेच्या पिवळ्या बल्बाखाली, कामावरून आल्यावर. तेव्हा दिव्याविषयी आम्ही तटस्थपणे बोलू शकू असा आमचा दावा नाही. हा काळ फार मागचाही नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील १०० घरांपैकी ३१ घरांचा मुख्य उजेड रॉकेलचाच होता; महाराष्ट्रात सुमारे ८४ घरांत वीज होती, आणि उरलेल्यांतली बहुतेक अजून त्याच धुरात होती.

आणखी एक गोष्ट जुन्या उजेडाबरोबर जात असे, ती म्हणजे तो धरणारा माणूस. गावगाड्यात मशाल धरण्याचे काम पुष्कळ ठिकाणी न्हाव्याकडे असे. पुढे वरातीत गॅसबत्त्या आल्या आणि त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका व पोरे आली. नवरदेवाचा घोडा उजेडात, आणि उजेड वाहणारीचा चेहरा बत्तीच्या बुडाखाली. दिव्याखाली अंधार ही म्हण घडवावयास कोणा पंडिताची गरज पडली नसावी.

घरातल्या दिव्याने निजण्याची वेळ बदलली. कारखान्यातल्या दिव्याने उठण्याची आणि सुटण्याचीही बदलली. ह्याचा पुरावा पाहावयाचा तर मुंबईच्या गिरण्यांत जावे लागते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजी मुलखाचा कारखाना कायदा इकडे आपोआप लागू होत नसे, आणि जिनिंगमध्ये किती तास माणूस उभा राहिला ह्याची मोजदाद ठेवण्यास कोणी बांधलेले नव्हते. शेजारच्या खानदेशात, इंग्रजी अंमलाखाली, काय चाले त्याची साक्ष मात्र नोंदलेली आहे. १८८४ साली नेमलेल्या मुंबई कारखाना आयोगापुढे असे सांगण्यात आले की, कापसाच्या हंगामात तेथील जिनिंगांतून पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले आणि घाई असली की रात्रंदिवसही चाले. काम करणाऱ्या बहुतांशी बायका होत्या. सीमेच्या अलीकडे त्याहून बरे असेल असे मानण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाही.

ह्याच आयोगाच्या वेळी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक अर्ज आयोगाकडे दिला. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारची सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. सूर्यास्ताला! आठ तास नव्हे, दहा तास नव्हे. घड्याळाचे नावच नाही. कामगाराच्या हिशेबी दिवस संपला म्हणजे काम संपले, आणि दिवस संपल्याचे सांगणारा सूर्य हा मालकाच्या पगारावर नव्हता. त्यावेळी बहुतेक गिरण्या उजाडल्यावर चालू होत आणि दिसेनासे झाले की बंद पडत. हिवाळ्यात अकराएक तास भरत, उन्हाळ्यात तेरा-चौदा. अंधार हाच कामगाराचा पहिला कारखाना निरीक्षक होता असे म्हटले तर चालेल. रविवारची सुट्टी लोखंड्यांनी १० जून १८९० रोजी पदरात पाडून घेतली. सूर्यास्ताची मागणी मात्र तशीच राहिली, आणि ती मान्य होण्यापूर्वीच सूर्याचा कारभार संपला.

१९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागू लागले. कापडाला तेव्हा तेजी होती, स्वदेशीची चळवळ सुरू होत होती, मागणी पुरवता पुरत नव्हती. दिवा आला आणि गिरणीचा दिवस पंधरा तासांपर्यंत लांबला. पहाटे पाचाला आत गेलेला माणूस रात्री आठला बाहेर पडू लागला. जाताना अंधार, येताना अंधार. कामगारांनी ठिकठिकाणी काम बंद ठेवले. इंग्रजी वर्तमानपत्रांतूनही ओरड झाली; त्यात कामगाराचा कळवळा किती आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा पोटशूळ किती, हा हिशेब आम्ही करीत बसत नाही. सरकारने १९०६ मध्ये एक समिती नेमली, मग एक आयोग. आयोगाचा अहवाल १९०८ मध्ये आला. प्रौढ पुरुषाच्या कामाला कायद्याने मर्यादा घालू नये असा बहुमताचा कल पडला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर ह्यांनी मात्र वेगळे मत नोंदवून मर्यादा मागितली. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढांचा दिवस बारा तासांचा ठरला, आणि मंजूर पाळ्यांची पद्धत सोडता सकाळी साडेपाचच्या आधी व संध्याकाळी सातनंतर कोणास कामास ठेवू नये असे बंधन आले. सात म्हणजे बहुतेक सूर्यास्तच! लोखंड्यांनी मागितलेली वेळ सत्तावीस वर्षांनी आली, ती ते स्वतः १८९७ साली वारल्यावर. फरक इतकाच की, आता ती सूर्याने ठरवली नव्हती, कायद्याने ठरवली होती. पुढे १९२२ मध्ये अकरा तास, १९३४ मध्ये दहा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात नऊ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा. त्याच १९४८ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात कामगारास पुरेसा व योग्य उजेड द्यावा, डोळ्यांवर तिरीप येऊ नये, अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत, असेही लिहिले. एकाच कायद्यात उजेड आणि तास दोन्ही आले, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

आता ज्या बल्बाने हे सारे घडविले त्याच्याकडे वळू. १८७९ मध्ये एडिसनने जो बल्ब यशस्वी करून दाखविला, आणि पुढे ज्यात टंगस्टनची तार आली, तो जालन्याच्या माणसाला समजावून सांगण्यास काही अडचण नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड तापलेले रोज दिसते. तापता तापता ते आधी काळपट तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, मग डोळा ठरू नये असे पांढुरके. जुना बल्ब म्हणजे हीच क्रिया, फक्त केसासारख्या बारीक तारेवर, सुमारे अडीच हजार अंश उष्णतेला. म्हणजे ती एक लहानशी भट्टीच. विजेपैकी शंभरातले पाच भाग उजेड होत, उरलेले जवळजवळ सारे ऊब होऊन जात. पाहावयास दिवा पाहिजे म्हणून कोणी भट्टी पेटवीत नाही; आम्ही मात्र सव्वाशे वर्षे घरोघर तेच केले.

त्या बल्बाच्या आयुष्याचीही एक हकीकत आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातल्या मोठमोठ्या बल्ब कारखानदारांनी आपसांत करार केला. त्या मंडळाचे नाव फीबस. बल्ब हजार तासांत गेला पाहिजे असे त्यांनी ठरविले. पूर्वी दीड-दोन हजार तास टिकणारे बल्ब बनत होते. ज्याचा माल ठरल्यापेक्षा अधिक टिके त्या कारखानदारास दंड होई! तार अधिक तापविली तर उजेड वाढतो आणि आयुष्य घटते, तेव्हा ह्या कराराला थोडा शास्त्राचाही आधार होता हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दंड हा शास्त्राचा भाग नव्हे. कामगारांनी एकजूट केली की उद्योगाला धोका, आणि मालकांनी केली की ती व्यवस्था! दुसऱ्या महायुद्धात ही युनियन मोडली. हजार तासांचे माप मात्र आपल्या घरात शेवटपर्यंत चालू राहिले.

एल.ई.डी. ह्या भट्टीच्या कुळातली नव्हे. तिच्यात तार नाही, ज्वाला नाही, वायूही नाही. अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकास एक लावलेले असतात. वीज त्यांच्या सीमेवरून जाताना एका थरातले इलेक्ट्रॉन दुसऱ्यातल्या रिकाम्या जागांत पडतात आणि पडताना जी ऊर्जा सुटते ती सरळ उजेड होऊन बाहेर येते. तापविण्याची पायरीच गळून जाते. हा उजेड प्रथम १९०७ मध्ये राउंड नावाच्या इंग्रजाने पाहिला व दोन परिच्छेदांचे टिपण लिहून सोडून दिला. त्याचा पाठपुरावा केला तो रशियातल्या ओलेग लोसेव्हने. हा गृहस्थ विद्यापीठाची पदवी नसलेला, रेडिओच्या प्रयोगशाळेत पडेल ते काम करीत शिकलेला. १९२७ पासून त्याने ह्या थंड उजेडावर निबंध प्रसिद्ध केले. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने मेला. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसांविषयी आम्हांस जरा अधिक आपुलकी आहे, म्हणून हे नाव मुद्दाम घेतले.

१९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक ह्यांनी डोळ्यांना दिसेल असा तांबडा एल.ई.डी. दिवा केला. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते, आणि ते स्वतः तरुणपणी रेल्वेत मजुरी करीत. तेथे एकदा सलग तीस तास काम करावे लागले तेव्हा, हे आयुष्य आपल्याला नको, शिकलेच पाहिजे, असे त्यांनी ठरविले. तीस तासांची ती पाळी जगाला बरीच फळली. पण तशी पाळी केलेल्या किती जणांना शाळेची वाट सापडते, ते आम्ही जाणतो.

तांबडा झाला, हिरवा झाला, पण निळा होईना, आणि निळ्यावाचून पांढरा नाही. जपानात अकासाकी व अमानो ह्यांनी त्याची वाट उघडली, आणि शिकोकू बेटावरच्या एका कंपनीतील शुजी नाकामुरा ह्यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा दिवा जगापुढे ठेवला. निळ्या दिव्यावर पिवळी पूड लावली की पांढरा उजेड मिळतो. आज तुमच्या आमच्या घरात आहे तो हाच. कंपनीने त्या शोधाबद्दल नाकामुरांना बक्षीस दिले वीस हजार येन. तिचा धंदा त्या दिव्यावर आभाळाला भिडला. नाकामुरांनी २००१ मध्ये दावा लावला. जानेवारी २००४ मध्ये टोकिओच्या न्यायालयाने दोन हजार कोटी येन देण्याचा निकाल दिला. पुढच्या वर्षी चौऱ्याऐंशी कोटींवर तडजोड झाली. २०१४ मध्ये तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वीस हजार आणि दोन हजार कोटी ह्यांतले अंतर म्हणजे दहा लाख पट. कामाचे मोल आणि कामाची मजुरी ह्यांत अंतर असते असे आम्ही सभेत सांगतो तेव्हा काही सुशिक्षित मंडळी हसतात. हा आकडा न्यायालयाने काढलेला आहे.

आपल्या देशात हा दिवा गरिबाच्या आवाक्यात आला तो सरकारी घाऊक खरेदीमुळे. २०१४ च्या आरंभी एक बल्ब सरकारला सुमारे तीनशे दहा रुपयांस पडत होता. दोन-तीन वर्षांत तोच अडतीस रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, त्यांतले दोन कोटींहून अधिक महाराष्ट्रात. एका घराचा हिशेब सोपा आहे. साठ वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड नऊ वॅटचा दिवा देतो. रोज पाच तास लावला तर जुना वर्षाला एकशे नऊ युनिटे खातो, नवा सोळा. म्हणजे एका दिव्यामागे वर्षाला त्र्याण्णव युनिटे उरली. वीज महाग, पण आमच्याकडे पाणी त्याहून महाग. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले, आणि त्याच दुष्काळात जालना शहर टँकरच्या मागे धावत होते. मराठवाड्यात न जाळलेले युनिट म्हणजे थोडेसे न उपसलेले पाणीही आहे. शिवाय ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. नळी फुटली की तो भंगार वेचणाऱ्याच्या हातास लागतो. एल.ई.डी.त तो नाही.

आता कारखान्याकडे. आमच्या जालन्याचा हल्लीचा बोलबाला लोखंडाच्या सळयांचा. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि रोलिंग मिलमध्ये त्याची सळी ओढली जाते. भट्टीच्या वीजबिलात दिव्याचा खर्च म्हणजे पिठात मीठ. एक टन लोखंड वितळविण्यास सहाशे युनिटांच्या आसपास लागतात. चारशे वॅटचा मर्क्युरी दिवा काढून दीडशे वॅटचा एल.ई.डी. लावला आणि रोज बारा तास जाळला तर वर्षाला अकराशे युनिटे वाचतात, म्हणजे त्यात दोन टन लोखंडही वितळणार नाही. तेव्हा कारखान्यात ह्या दिव्याचा मोठा फायदा विजेच्या बचतीत शोधू नये. तो दुसरीकडे आहे, आणि तो आम्ही जवळून पाहिला आहे.

मर्क्युरीच्या दिव्याला एक खोड आहे. वीज क्षणभर जरी गेली तरी तो विझतो, आणि थंड झाल्यावाचून पुन्हा पेटत नाही. पाच-दहा मिनिटे सहज जातात. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मिलमध्ये रातपाळीला विजेने असा झटका दिला. मिलच्या मोटरीला जड चाक असते, त्यामुळे वीज गेली तरी रोल काही वेळ फिरतच राहतात. वीज लगेच परत आली, पण दिवे आले नाहीत. हजार अंशांच्या वरची सळी रोलमधून निघत होती. ती तर आपल्याच उजेडाने लखलखत होती. सळी दिसत होती, पाय कोठे ठेवावयाचा ते दिसत नव्हते. सांडशी घेऊन उभा असलेला एक तरुण मागे सरला, पट्टीला अडखळला, आणि त्याची पोटरी भाजली. तो पुढे वाचला, पण मिलच्या कामाला राहिला नाही. आम्ही व्यवस्थापनाकडे जी मागणी घातली तिच्यात भरपाईखालोखाल दिव्यांचे कलम होते. एल.ई.डी. दिवा वीज येताच त्याच क्षणी पूर्ण उजेडाने लागतो; लहानशा बॅटरीवर काही दिवे वीज गेली तरी चालू ठेवता येतात. हा गुण बिलात दिसत नाही, म्हणून तो हिशेबनिसाला पटवावयास आम्हांस दोन वर्षे लागली.

दुसरा गुण रंगाचा. सोडियमच्या पिवळ्या उजेडात सारे एकाच रंगाचे दिसते. जमिनीवर सांडले ते तेल की पाणी की रक्त, हे वाकून पाहावे लागते. तारांचे रंगही ओळखू येत नाहीत, आणि इलेक्ट्रिशियनच्या जिवाशी गाठ पडते. तिसरी गोष्ट साध्या चोकच्या ट्यूबची. तिचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतो. आपल्या डोळ्यांस ते कळत नाही, पण त्या तालावर फिरणारे चाक थांबल्यासारखे दिसू शकते. लेथवर काम करणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक असे आणि ते हात घालण्याआधी कानाने खात्री करून घेत. चांगल्या प्रतीच्या एल.ई.डी.त हा धोका जवळजवळ नाही. चांगल्या प्रतीच्या म्हणतो, कारण हलक्या दिव्यात आतली विजेची जुळणी, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ती स्वस्तातली असते. तेव्हा लुकलुकही राहते आणि आयुष्यही राहत नाही. खोक्यावर पंचवीस हजार तास छापलेले आणि दिवा दिवाळी ते दिवाळी टिकत नाही, हा अनुभव घराघरात आहे. मरतो तो बहुधा उजेड देणारा दाणा नव्हे, त्याला वीज पोचविणारा ड्रायव्हर.

तर त्या मिलमध्ये दिवे आले. पहिल्या रात्री खात्यात शिरलो तेव्हा, खोटे कशाला सांगावे, डोळे भरून आले. कोपऱ्यापर्यंत सगळे स्वच्छ दिसत होते. सहा महिन्यांनी एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी रोल बदलण्याचे आणि दुरुस्तीचे किचकट काम उजाडल्यावर होई, कारण रात्री ते दिसतच नसे. तेवढा वेळ रातपाळीचा माणूस टेकत असे, चहा घेत असे. आता ते काम रात्रीच होऊ लागले, तितक्याच माणसांत. कोणी हुकूम काढला नव्हता. उजेड होता, काम दिसत होते, म्हणून ते केले जात होते. दिव्याची मागणी आमची होती आणि ती आम्ही आजही परत घेणार नाही; परंतु त्या मागणीपत्रात दिव्यांच्या कलमाखाली माणसांच्या संख्येचे कलम घालावयाचे राहून गेले, ही चूक आमची. १९०५ ची हकीकत आम्हांस तोंडपाठ होती, तरी ती आमच्याच खात्यात घडत असता ओळखू आली नाही.

रातपाळीचे खरे कारण दिवा आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. इथे अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळच्या औद्योगिक विजेला दरात सवलत होती. भट्ट्या रात्री पेटत त्या त्यामुळे. अलीकडे सौर वीज वाढल्याने सवलत दिवसाच्या वेळेकडे वळू लागली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांनी सूर्य पुन्हा कामाची वेळ ठरवू लागला तर लोखंड्यांच्या अर्जावर कोणी तरी शेरा मारला असेच आम्ही समजू! कारण रातपाळीने शरीराचे जे होते ते आता शास्त्रानेही मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात घातले. एल.ई.डी.च्या पांढऱ्या उजेडात निळा भाग अधिक असतो आणि निळा उजेड शरीराला दिवस असल्याचे सांगतो. म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने रस्त्यावर पिवळसर छटेचे दिवे लावावेत अशी शिफारस केली. रातपाळीच्या माणसाची झोपण्याची खोली काळ्या पडद्याची आणि मंद, पिवळसर दिव्याची असावी. पत्र्याच्या खोलीत तिघे तिघे राहणाऱ्या परप्रांतीय मजुराला हे कोठून जमावे, हा भाग निराळा.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मुभा देणारा प्रस्ताव मंजूर केला. आठवड्याची मर्यादा तीच, जादा कामाला दुप्पट मजुरी, आणि कामगाराची लेखी संमती आवश्यक, असे त्यात आहे. बारा तास हा आकडा १९११ च्या कायद्यातलाच. आमच्या कचेरीत त्या आठवड्यात बरीच गर्दी झाली. एका भट्टीवाल्या पोराने विचारले, संमती दिली नाही तर? आम्ही त्याला सांगितले की, कोणताही कागद आधी घरी आणावयाचा, दिव्याखाली बसून पुरता वाचावयाचा, न समजले तर इथे आणावयाचा, आणि मग काय ते ठरवावयाचे. तो म्हणाला, बारा तास करून घरी गेल्यावर वाचावयाचा का? पुढच्या रविवारपासून आम्ही सकाळी दहाला कचेरी उघडी ठेवतो. येणारे रातपाळीहून थेट येतात; त्यांच्यासाठी खिडकीपाशी सतरंजी अंथरलेली असते, आणि दिवा लावावा लागत नाही.